केसपेपरवर ज्यांचं नाव नाही

प्रश्न भुदरगड तालुक्यातल्या एका तरुण बीएएमएस डॉक्टरांचा आहे. एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी त्यांनी ‘प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सेवांबाबत ग्रामीण रुग्णांचे समाधान’ हा विषय घेतलाय. चार केंद्रं, ओपीडीत आलेले 400 रुग्ण, मोबाईलवर भरायचा फॉर्म आणि हातात दीड महिना. 400 पुरतील का, प्रश्न कसे असावेत आणि परवानगी कुणाची घ्यायची, असं त्यांनी विचारलंय.

डॉक्टर, आधी विषयाचंच बोलते, कारण तो असाच राहिला तर बाकी सगळं नीट करूनही हाती फारसं काही लागणार नाही. ओपीडीच्या बाकावर बसलेल्या माणसाला “समाधानी आहात का?” विचारलंत, तर तो “व्हय, चांगलं हाय की” असंच म्हणणार. पुढच्या आठवड्यात त्याला त्याच सिस्टरकडं यायचं असतं, तुम्ही स्वतः डॉक्टर, आणि तोंडावर वाईट बोलायची आपल्याकडं रीत नाही. त्यामुळं बहुतेक सगळे समाधानी निघतील आणि तुमच्या तक्त्यांना काही अर्थ राहणार नाही. दुसरी अडचण याहून मोठी आहे. बाकावर बसलेला माणूस निदान तिथवर पोचलेला आहे. दुखणं अंगावर काढणारा, मेडिकलमधून गोळी आणून भागवणारा, उसनवारी करून थेट खासगीत जाणारा, वाट नाही म्हणून घरातच पडून असलेली म्हातारी, यांतलं कुणीच तुमच्या 400 जणांत येणार नाही. खेड्यातल्या आरोग्यसेवेचा प्रश्न मला सव्वीस वर्षं याच माणसांपाशी सापडत आलाय. म्हणून अभ्यासाची सुरुवात गावाच्या यादीपासून करा, दवाखान्याच्या रजिस्टरपासून नको.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायकांची तपासणी केली आणि 1989 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही त्रास होता, आणि आयुष्यात एकदा तरी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. त्या काळात खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढाच हिशोब होता. दवाखान्याची रजिस्टरं चाळून हा आजार कधीच दिसला नसता, कारण त्या बायका तिथं गेल्याच नव्हत्या. पुढं त्यांनी खेड्यातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची देखभाल सुरू केली. 1999 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी खाली आल्याचं दिसलं. पण त्याच्याही आधी गावोगावचा प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवण्याची व्यवस्था त्यांनी उभी केली होती. भाजक, म्हणजे एकूण किती माणसांमागं मोजतोय तो आकडा, पक्का असेल तरच टक्केवारी खरी.

भाजक म्हटलं की विद्यार्थ्यांना सोपं वाटतं: जनगणनेचा आकडा घ्यायचा आणि भागायचं. आपल्या भागात हे फार फसवं आहे. एक तर शेवटची जनगणना 2011 ची. त्यात भुदरगड, आजरा, चंदगडकडच्या गावांत निम्मा गडी मुंबई-पुण्याला. रेशनकार्डावर नाव, घरात माणूस नाही. गणपतीला आणि जत्रेला गाव भरतं, मग परत रिकामं. म्हणून ‘गेल्या सहा महिन्यांत बहुतेक काळ याच घरात राहतो तो रहिवासी’ अशी एक व्याख्या सुरुवातीलाच लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत ती मोडू नका.

बाळंतपणाचा अभ्यास केलात तर याहून गुंता. पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्या उपकेंद्रात गरोदर म्हणून नोंदवलेली बाई सातव्या महिन्यात जाते, बाळंत होते दुसऱ्याच तालुक्यात किंवा सीमेपलीकडं कर्नाटकात, आणि बाळ सव्वा-दीड महिन्याचं घेऊन परत येते. सासरच्या सिस्टरला वाटतं लस माहेरी झाली असेल, माहेरच्या सिस्टरला वाटतं सासरी देतील. माझ्या एका विद्यार्थिनीनं हातकणंगले तालुक्यातल्या एका गावात गरोदर मातांचं रजिस्टर आणि अंगणवाडीची बाळांची यादी शेजारी शेजारी ठेवून नावं जुळवली. न जुळलेल्या नावांमागं ती घरोघर गेली. तिचा खरा प्रबंध त्या न जुळलेल्या नावांतूनच लिहिला गेला.

आणि तिसरा घोळ ऊसतोडीचा. गाळप सुरू झालं की बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात, कारखान्याच्या आजूबाजूला आणि फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या (झोपड्या) पडतात. मुकादमाच्या वहीत त्यांची मोजणी कोयत्यानं होते, नवरा-बायको मिळून एक कोयता. आपल्या आरोग्याच्या वहीत त्यांना जागा कुठली? गावाच्या यादीत ते नाहीत आणि स्वतःच्या गावच्या यादीत असले तरी सहा महिने तिथं नाहीत. पहाटे चार वाजता फडात गेलेली बाई दुपारच्या लसीकरण सत्राला येणार कशी? 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न राज्यभर गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली. तोवर वर्षानुवर्षं त्या आपल्याच जिल्ह्यात येऊन ऊस तोडून जात होत्या. आपण त्यांना कधी काही विचारलं नाही, याची मला आजही खंत आहे. तुमचा अभ्यास भुदरगडपुरता असला तरी हंगामात जवळपास टोळ्या असतील, तर त्यांना वगळू नका. वगळायचंच झालं तर तसं स्पष्ट लिहा.

आता तुमच्यासाठी विषय. समाधान सोडून द्या आणि एकच आजार धरून माणूस कुठल्या पायरीवर गळतो ते शोधा. उच्च रक्तदाब घ्या. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच, आशाताई त्यासाठी सीबॅक नावाचा, आजाराचा धोका टिपणारा फॉर्म भरतात. तुम्ही घरोघर जाऊन पाहायचं: गावात बीपी वाढलेली माणसं किती, त्यांतल्या कितींना ते ठाऊक आहे, ठाऊक असलेल्यांतले किती गोळ्या घेतात, आणि घेणाऱ्यांतल्या कितींचा बीपी 140/90 च्या खाली आहे. चार आकडे. कुठल्या दोन आकड्यांमध्ये सगळ्यात मोठी दरी आहे ते दिसलं, की आरोग्य केंद्राच्या एमओंना (वैद्यकीय अधिकाऱ्यांना) नक्की काय सांगायचं हे तुम्हाला कळेल.

मोजायची घाई करू नका. माणूस पाच मिनिटं निवांत टेकून बसलेला हवा, आधीच्या अर्ध्या तासात चहा नको, तंबाखू नको, हात छातीच्या पातळीला, दंडाला बसेल असा पट्टा. तीन वेळा मोजा आणि शेवटच्या दोन आकड्यांची सरासरी घ्या. वैरणीचा भारा टाकून आत आलेल्या माणसाचा लगेच घेतलेला बीपी कशाच्याच कामाचा नसतो.

गोळ्यांबद्दल विचाराल तेव्हा काय होतं, ते एका घरातलं सांगते. काही वर्षांपूर्वी राधानगरीच्या जंगलाकडेच्या एका धनगरवाड्यावर आम्ही गेलो होतो. गाडी खाली ठेवून तासभर चढ. एका आज्जींनी घोंगडं अंथरलं, ताक दिलं. तिसऱ्यांदा मोजला तरी बीपी 180 च्या वर. माझ्याबरोबरच्या मुलानं फॉर्मवरचा प्रश्न वाचला, “बीपीच्या गोळ्या रोज घेता का?” आज्जी म्हणाल्या, “घेतो की.” त्यानं ‘होय’वर खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचायला लागला. मी म्हटलं, “आज्जी, गोळ्या दावता का जरा?” त्यांनी खुंटीवरची कॅरीबॅग काढली. आत अ‍ॅम्लोडिपिनच्या सहा पट्ट्या. पाच न फोडलेल्या, सहाव्या पट्टीतल्या तीन गोळ्या गेलेल्या. “ह्या कधी घेता?” “डोस्कं गरगरलं की घेतो. रोज कशाला? सपतील न्हवं.” खालच्या उपकेंद्रात त्यांच्या नावापुढं ‘नियमित उपचार’ असं लिहिलेलं होतं, आणि सिस्टरनी खोटं लिहिलं नव्हतं. महिन्याच्या महिन्याला गोळ्या पोचत होत्या, नातू घेऊन येत होता. ही गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी नाही, बरं वाटत असलं तरी रोज घ्यायची असते, एवढं एक वाक्य त्या चढावर कधी पोचलं नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या कुठल्याही प्रश्नावलीत “घेता का?” नंतर “दाखवता का?” असतंच. पट्टी हातात घ्या, कधी मिळाली ते विचारा, उरलेल्या गोळ्या मोजा. गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्यांनाही हेच लागू. वाटप 180 गोळ्यांचं होतं, रजिस्टरमध्ये वाटपच लिहिलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांतलं रक्तक्षयाचं प्रमाण 2015-16 मध्ये 48 टक्के होतं, ते 2019-21 मध्ये 54 टक्क्यांवर गेलं. वाटप झालेलं असूनही असं का, याचं एक उत्तर तरी त्या खुंटीवरच्या पिशवीत असतं: काळी शौचाला होते, मळमळतं, सासू म्हणते बाळ काळं होईल. (बाळ काळं होत नाही. हे सांगायचा हक्क आणि वेळ दोन्ही तुमच्याकडं आहेत, पण मुलाखत पूर्ण झाल्यावर सांगा, मधे नको.)

प्रश्नांची भाषा आपल्या भागातली ठेवा. “तंबाखूचं सेवन करता का?” यावर बायका सरळ नाही म्हणतात आणि त्यांच्या दृष्टीनं ते खरं असतं. “मिश्री लावता का? दिवसातून कितींदा?” असं विचारा, मग बघा. “गेल्या पंधरा दिवसांत आजारी होता का?” यालाही उत्तर ‘नाही’ येतं, कारण आजारी म्हणजे अंथरुणाला खिळलेला. कंबर मोडून आली, दम लागला, पांढरं जातं, हे त्यांच्या लेखी आजारपणात धरत नाहीत. “अंगावर काढलेलं काही?” या तीन शब्दांनी मला जेवढं कळलंय तेवढं कुठल्या प्रमाणित प्रश्नावलीनं कळलं नाही. स्मरणाचा काळ मात्र प्रमाणितच ठेवा: साध्या दुखण्याला पंधरा दिवस, दवाखान्यात भरती झाल्याला एक वर्ष. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2017-18 च्या आरोग्य फेरीत हेच आहे, त्यामुळं तुमचे आकडे पुढं कशाशी तरी ताडून बघता येतील.

खर्च विचारणार असाल तर डॉक्टरांच्या बिलावर थांबू नका. वडापचं (शेअर जीपचं) भाडं, सोबत आलेल्याचा बुडलेला रोजगार, कोल्हापुरात राहिलेल्या दिवसांचं जेवण, तपासण्या, बाहेरून आणलेली औषधं. आणि पैसा आला कुठून? डेअरीतून उचल घेतली, बचत गटाचं कर्ज काढलं, म्हैस विकली, सोन्याचा डाग गहाण टाकला? ज्या घरानं दुभती म्हैस विकली तिथं आजार बरा झाल्यावरही खर्च संपलेला नसतो, महिन्याचं दुधाचं बिलच गेलेलं असतं. घराच्या एकूण खर्चाच्या 10 टक्क्यांवर आरोग्यखर्च गेला तर तो कंबरडं मोडणारा धरतात. हा हिशोब करायला घरखर्चही विचारावा लागेल, त्याला वेळ राखून ठेवा.

उशीर कुठं झाला हे विचारताना थॅडियस आणि मेन यांची 1994 ची तीन टप्प्यांची मांडणी अजूनही सगळ्यात उपयोगी आहे. जायचं ठरवायला लागलेला वेळ, पोचायला लागलेला वेळ, आणि पोचल्यावर प्रत्यक्ष उपचार सुरू व्हायला लागलेला वेळ. मांडणी माता-मृत्यूंसाठी होती, पण सर्पदंशाला, छातीत दुखण्यालाही ती तशीच बसते.

आता 400. हा आकडा कुठून येतो ते समजून घ्या, नाहीतर तोंडी परीक्षेत अडकाल. प्रमाण 50 टक्के धरलं आणि पाच टक्क्यांची चूक चालवून घेतली तर सूत्रानं 384 येतात, म्हणून सगळे 400 लिहितात. पण हे सूत्र तालुक्यातून एकेक माणूस सुटा उचलला तरच लागू पडतं. तुम्ही गावं निवडणार आणि गावातली वीस-वीस माणसं घेणार. एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात: तोच डॉक्टर, तीच वाट, तेच पाणी. म्हणून नमुना साधारण दुप्पट करावा लागतो, म्हणजे 770 च्या आसपास. दीड महिन्यात एकट्यानं हे होणार नाही. चूक सात टक्के चालवून घ्या: 196, दुप्पट 392. तुमचे 400 तिथं बसतात. वीस गावं, गावात वीस माणसं, आणि गावं लोकसंख्येच्या प्रमाणात यादीतून निवडा, ओळखीची नकोत. घरात तीस वर्षांवरचे चौघे असतील तर चिठ्ठी टाकून एक घ्या. दाराशी जो दिसेल तो घ्यायचा नाही.

निवड करण्याआधी तालुक्याचे दोन भाग करा. गारगोटी-कूरचा रस्त्यावरचा पट्टा वेगळा आणि पाटगावकडची डोंगरी वाड्या-वस्ती वेगळी. सरकारी निकषात सपाटीला पाच हजार लोकांमागं एक उपकेंद्र, डोंगराला तीन हजारांमागं. कागदावर डोंगराला झुकतं माप आहे. पण ते तीन हजार लोक दहा-बारा वाड्यांत विखुरलेले असतात आणि पावसाळ्यात मधला ओढा पार होत नाही. दोन्ही भागांची सरासरी काढलीत तर डोंगर सपाटीत बुडून जाईल. जिल्ह्याचंही हेच होतं. बागायत, साखर आणि दूध बघून कोल्हापूर सुखवस्तू म्हटलं जातं, पण 2001 मध्ये याच जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागं 839 मुली होत्या, 2011 मध्ये 863. पैसा आला म्हणजे आरोग्य आलं असं धरून चालू नका.

वेळेची चूक मी स्वतः केली आहे. माझा पहिला मोठा सर्व्हे भांगलणीच्या दिवसांत, रोज अकरा ते दोन. तीन आठवड्यांनी फॉर्म उलगडले तर सगळे साठीपुढचे आणि बाळंतिणी. कामाच्या वयाची माणसं शेतात होती. सगळं बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात करावी लागली, आणि ज्या आशाताईंना मी तीन आठवडे उन्हात फिरवलं त्यांची मला माफी मागावी लागली. गाव दुधाच्या वेळेवर चालतं. सकाळी डेअरीला दूध घालून माणूस घरी आला की तासभर सापडतो, संध्याकाळी धार काढल्यावर परत. रोप लावणीच्या दिवसांत कुणाला थांबवू नका. अमावास्येला बाळूमामांच्या आदमापूरच्या वाटेवरच्या गावांत जाऊ नका, सगळं गाव पाहुण्यांत नाहीतर देवळात असतं. एकदा गेलात आणि घराला कुलूप असलं तर आणखी दोनदा जा. शेजारचं घर घेऊन आकडा भरू नका, कारण कुलूपबंद घरातला माणूस कामाला गेलेला असतो आणि तोच तुम्हाला हवा असतो.

पावसाळ्यात अभ्यास येत असेल तर एक रकाना वाढवा: वाट बंद झाल्यावर गोळ्यांचं काय झालं? 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी 55 फुटांच्या वर गेली, धोका पातळी 43 फूट. शिरोळकडची गावंच्या गावं उठवावी लागली, आणि छावण्यांत क्षयाची, मधुमेहाची, बीपीची माणसं फाईल आणि गोळ्या घरात सोडून आलेली होती. साथींवर सगळ्यांचं लक्ष होतं आणि ते बरोबरच होतं. रोजच्या गोळ्या विचारायचं फार जणांना सुचलं नाही.

परवानग्यांचं थोडक्यात. उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडं, म्हणून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र. ग्रामीण रुग्णालयातली माहिती लागली तर जिल्हा शल्यचिकित्सक. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातली लागली तर वैद्यकीय महाविद्यालय. या सगळ्यांच्या आधी तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता, ती नसताना एकही फॉर्म भरू नका. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून घ्या. संमतीपत्र मराठीत, वाचून दाखवा. अंगठा असेल तर साक्षीदाराची सही. सरपंचांना आधी भेटा, पण घरात शिरताना त्यांना बरोबर नेऊ नका. आशाताईंची मदत घर दाखवण्यापुरती घ्या, त्यांच्याच कामाबद्दलचे प्रश्न त्यांच्यासमोर विचारू नका. आणि त्यांच्या दिवसाचे पैसे द्या. फुकट राबवून घेणारे त्यांना आधीच पुष्कळ आहेत.

सर्व्हेत कुणाचा बीपी 200/120 निघाला तर? हे आधी ठरवून, लिहून, समितीला दाखवून मगच घराबाहेर पडा. छातीत दुखणं, दम, हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं असं काही असेल तर लगेच 108. तसं काही नसेल तरी त्याच दिवशी चिठ्ठी, एमओंना फोन आणि दोन दिवसांनी तुमची स्वतःची चक्कर. आकडा लिहून निघून गेलेला अभ्यासक मी पाहिलाय, त्या घरात नंतर काय झालं तेही पाहिलंय. तुमच्याकडून तसं होऊ देऊ नका.

शेवटचं काम प्रबंध जमा झाल्यावरचं. गावाला आकडे परत द्या, ग्रामसभेत, दहा मिनिटांत, चार आकड्यांत. त्या धनगरवाड्याच्या उपकेंद्रात आम्ही परत गेलो तेव्हा सिस्टर आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “मॅडम, मला वाटलं गोळ्या पोचत्यात म्हणजे झालं.” पुढच्या महिन्यापासून नातवाच्या हाती गोळ्या देताना त्यांनी मागची रिकामी पट्टी मागायला सुरुवात केली. पट्टी आणली नाही तर त्या आठवड्यात आशाताई वर चढून जायची. तुम्ही गावं निवडलीत की यादी पाठवा, डोंगराकडच्या दोन-तीन ठिकाणी मी तुमच्याबरोबर येईन.